‘कल्प’ : आधी मांडणी, मग मोजणी

बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प देतात. मूल हट्टाला पेटले की आजी म्हणते, ‘रडून नुसता कल्पांत केलाय!’ आणि पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात, त्यात श्वेतवाराह कल्पाचा उच्चार होतो. एक औषध, एक आकांत आणि एक अफाट काळ. वाचकहो, एकाच शब्दाने ही तीन बिऱ्हाडे कशी थाटली ते पाहू.

हा शब्द संस्कृत ‘कॢप्’ धातूचा. जुळणे, योग्य होणे, नीट मांडले जाणे असा त्याचा अर्थ. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, विधात्याने सूर्य-चंद्र पूर्वीप्रमाणेच योजले, असे सांगताना याच धातूचे क्रियापद येते. वर्षांचा हिशेब मात्र तेथे नाही. पुढे सहा वेदांगांपैकी एकाला ‘कल्प’ हे नाव मिळाले, कारण यज्ञ कोणत्या क्रमाने करावा हे ते सांगते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमन-विरेचनाची औषधे कशी सिद्ध करावीत ते आहे. शतावरीच्या डब्यावरचा शब्द त्याच घराण्यातला. मनाने मांडली ती कल्पना, निश्चयाने मांडला तो संकल्प, आणि दुसरी मांडणी शक्य असली तर तो विकल्प.

मग मांडणीचा काळ कसा झाला? जगाची घडी बसते तेव्हापासून ती मोडेपर्यंतचा अवधी तो कल्प, असा हा अर्थविस्तार दिसतो. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात तो रूढ होता, याची साक्ष दगडावर आहे. गिरनारच्या चौथ्या आणि पाचव्या लेखांत सम्राट अशोक आपल्या वंशजांनी संवर्तकल्पापर्यंत, म्हणजे जगाच्या लयापर्यंत, धम्माचे आचरण करावे अशी अपेक्षा व्यक्त करतो. प्राकृतातला हा ‘कप’ आपल्या ‘कल्पांता’चा जवळचा आप्त. आकडा येथेही नाही.

बौद्ध परंपरेने तर आकडा जाणूनबुजून टाळला. संयुत्तनिकायातील दृष्टांत असा : एक योजन लांब, रुंद आणि उंच असा अखंड दगडी डोंगर आहे, कोणी शंभर वर्षांतून एकदा काशीच्या तलम वस्त्राने त्याला पुसतो. डोंगर झिजून संपेल, पण कल्प संपणार नाही. मोजता येत नाही, इतकेच सांगायचे होते.

आकडा आणला पुराणांनी आणि ज्योतिषांनी. देवांची १२,००० वर्षे म्हणजे एक चतुर्युग. त्यांना ३६० ने गुणले की माणसांची ४३ लाख २० हजार वर्षे होतात. अशी हजार चतुर्युगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, एक कल्प : ४३२ कोटी वर्षे. ज्योतिषांना एवढी मोठी संख्या सोयीचीही होती. सर्व ग्रह एकाच बिंदूपासून निघून पूर्ण फेऱ्या करून तेथेच परत येतात, असे गणित त्यांना मांडायचे होते. आणि ग्रहगणितातील काही बिंदू इतके मंद सरकतात की लहान अवधीत त्यांच्या पूर्ण फेऱ्या बसत नाहीत. तरी एकमत नव्हते. आर्यभटाने कल्पात १,००८ चतुर्युगे धरली; ब्रह्मगुप्ताने ६२८ साली स्मृतींचा आधार घेऊन त्याला दोष दिला आणि हजारच ठेवली. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ब्रह्मगुप्ताचेच मान घेतले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

अलीकडे एक दावा वारंवार ऐकू येतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, कल्प ४३२ कोटींचा. तेव्हा पूर्वजांना ते ठाऊक होते! पण परंपरेचा हिशेब नीट वाचावा. ४३२ कोटी ही संपूर्ण दिवसाची लांबी आहे. आज सातवे मन्वंतर आणि त्यातले अठ्ठाविसावे कलियुग चालू आहे. म्हणजे या कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच सरली आहेत. पूर्ण दिवसाची लांबी सरलेल्या वयाशी ताडून पाहणे हा ना पंचांगाचा न्याय, ना भूशास्त्राचा. पूर्वजांचे मोठेपण त्यांच्या मांडणीत आहे. उसन्या योगायोगाची त्याला गरज नाही.

ही मांडणी आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना विशेष जवळची वाटावी. नर्मदेच्या दक्षिणेस साठ संवत्सरांची नावे ओळीने येतात. उत्तरेस ती गुरूच्या गतीवरून मोजतात, त्यामुळे सुमारे ८५ वर्षांनी एक नाव गळते. म्हणून एकाच दिवशी दोन तीरांवर संवत्सराची नावे निराळी. दक्षिणेकडून येथे येऊन वसलेल्या घराला आपले संवत्सर कोणते, हा प्रश्न पडतोच. पुण्यात गोदावरीचा दक्षिण तीर म्हणणारा संकल्प येथे नर्मदेचा उत्तर तीर म्हणतो. मात्र त्याच्या आरंभीचे श्वेतवाराह कल्प आणि वैवस्वत मन्वंतर बदलत नाहीत. आधी कल्प, मग मन्वंतर, युग, नदीचा तीर, वर्ष, तिथी, आणि शेवटी आपले गोत्र व नाव. पुढच्या वेळी हातात पाणी घेऊन बसाल तेव्हा ही उतरंड सावकाश ऐका. ‘कल्प’ आणि ‘संकल्प’ एकाच धातूचे आहेत, हे तेव्हा वेगळे सांगावे लागणार नाही.