एक नाव, अनेक रोग

एके काळी आपल्याकडे ‘ताप’ हाच एक रोग समजला जाई. पुढे हिवताप निराळा आणि विषमज्वर निराळा हे कळले, आणि क्विनीन एकाला लागू पडते व दुसऱ्याला का पडत नाही याचाही उलगडा झाला. वैद्यकाच्या इतिहासात असे वारंवार घडले आहे. नाव एक असते तोवर उपायही एकच असतो; आणि उपाय चुकतो तेव्हा दोष रोग्याच्या दैवाला लावला जातो. स्तनाच्या कर्करोगाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास आम्ही याच दृष्टीने पाहणार आहोत.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने १८९४ साली आपल्या ५० शस्त्रक्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सारे एकत्र काढून टाकण्याची ही रीत होती. रोग एका जागी उगवतो आणि तेथून क्रमाक्रमाने पसरतो, म्हणून जितके अधिक कापावे तितके बरे, हा त्यामागचा विचार. भूल आणि जंतुनाशन नुकतीच स्थिरावत असलेल्या त्या काळात या शस्त्रक्रियेने पुष्कळ उपकार केले, हे नाकारता येणार नाही. परंतु पुढे पाऊणशे वर्षे लहान गाठ असो की मोठी, सौम्य असो की उग्र, लक्षावधी स्त्रियांवर हीच शस्त्रक्रिया होत राहिली.

वास्तविक निराळी खूण त्याच सुमारास मिळाली होती. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने १८९६ साली असे दाखवले की, अंडाशय काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील रोग ओसरतो. परंतु थोड्याच वर्षांत ध्यानात आले की, हा गुण सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच येतो. उरलेल्या दोन तृतीयांशांना का येत नाही? हा प्रश्न साठ वर्षे अनुत्तरित राहिला. शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सन याने १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी इस्ट्रोजेन वापरून त्याचे उत्तर शोधले. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला धरून ठेवणारे एक प्रथिन काही पेशींत असते, काहींत नसते. ज्या गाठीत ते आहे तिचे पोषण संप्रेरकावर होते. जिच्यात नाही तिला अंडाशयाशी काही कर्तव्य नाही. एका नावाचे असे दोन भाग पडले.

हॉल्स्टेडच्या मताची परीक्षाही लौकरच झाली. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशरने १९७१ साली चाचणी सुरू केली. तिच्यात स्नायूंसह सारे कापलेल्या आणि केवळ स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. रोगाची गती सुरीच्या रुंदीवर अवलंबून नाही, गाठीच्या स्वभावावर आहे, हा त्याचा अर्थ. पुढे १९८७ साली डेनिस स्लॅमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, काही गाठींत ‘हर-२’ या जनुकाच्या प्रती वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक असतात आणि तो रोग विशेष उग्र असतो. १९९८ साली त्याच जनुकाच्या प्रथिनावर चालणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले.

इथवर एकेक खूण शोधून विभागणी चालली होती. सर्व खुणा एकदम पाहता आल्या तर? ते साधन स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक ब्राऊन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यावरील पहिला निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक पेशीत जनुकांचे सारे दप्तर असते. पण यकृताची पेशी त्यातील काही पाने उघडते, त्वचेची पेशी दुसरी. कोणती पाने उघडली आहेत हे पेशीतील आरएनएच्या प्रमाणावरून कळते. काचेच्या लहानशा पट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके द्यायचे; गाठीतील आरएनएच्या प्रती तांबड्या आणि तुलनेच्या नमुन्यातील प्रती हिरव्या प्रकाशद्रव्याने रंगवून दोन्ही तिच्यावर एकत्र सोडायच्या. जे जनुक गाठीत अधिक जागे, त्याचा ठिपका तांबडा दिसतो.

चार्ल्स पेरू, डेव्हिड बॉटस्टीन आणि नॉर्वेतील अ‍ॅन-लिझ बोरेसेन-डाले यांच्यासह मोठ्या चमूने या रीतीने ४२ व्यक्तींचे ६५ नमुने तपासले आणि २००० सालच्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे ८,१०० जनुकांचे मोजमाप त्यांनी केले होते. यातील वीस गाठींचे नमुने रसायनोपचारापूर्वी आणि नंतर असे दोनदा घेतलेले होते. आमच्या मते या निबंधाचे मर्म इथे आहे. मध्ये कित्येक आठवडे औषध चालले, तरी एकाच स्त्रीचे दोन नमुने बहुधा परस्परांशी अधिक जुळले. इतर कोणाशी तितके जुळले नाहीत. गाठीला स्वतःची अशी एक ओळख असते, हे त्यावरून ठरले. त्या ओळखीवरून समूह पडले: दुधाच्या नलिकांच्या आतल्या अस्तराशी साम्य असलेला ल्युमिनल, बाहेरच्या थराशी साम्य असलेला बेसल, आणि हर-२चा. २००१ साली ल्युमिनलचेही ‘अ’ आणि ‘ब’ असे भाग पाडण्यात आले, आणि समूहानुसार स्त्रियांचे आयुर्मानही वेगळे असल्याचे दिसले.

तथापि ही विभागणी वेदवाक्य समजू नये. त्या पहिल्या निबंधात ‘निरोगी स्तनासारखा’ असाही एक समूह होता. नमुन्यात रोगापेक्षा निरोगी ऊतक अधिक आल्यामुळे तो दिसला असावा, असे पुढे अनेकांचे मत झाले. ल्युमिनल ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्येही भिंत नाही, उतार आहे.

मग या खटाटोपाचा स्त्रियांना लाभ काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीचे उत्तर पाहा. संप्रेरकावर पोसलेली, हर-२ नसलेली, काखेत न पसरलेली गाठ असलेल्या दहा हजारांवर स्त्रिया तीत होत्या. २१ जनुकांच्या चाचणीत ज्यांचा अंक मधला आला, अशा ६,७११ स्त्रियांपैकी काहींना संप्रेरकरोधक औषधाबरोबर रसायनोपचार दिला, काहींना दिला नाही. दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. पन्नाशीच्या आतील काही स्त्रियांना मात्र रसायनोपचाराचा थोडा लाभ दिसला. म्हणजे यापूर्वी असंख्य स्त्रियांनी केस गळणे, ओकाऱ्या, अशक्तपणा हे सारे भोगले ते विनाकारण. उलट तिन्ही खुणा नसलेल्या, बहुतांशी बेसल असलेल्या गाठींवर कितीतरी वर्षे रसायनोपचाराखेरीज औषधच नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातील २००६ सालच्या अभ्यासात ऋतुनिवृत्तीपूर्वीच्या कृष्णवर्णी स्त्रियांच्या गाठींत बेसल प्रकार ३९ टक्के आढळला, इतर वंशांच्या स्त्रियांत १६ टक्के. नमुने कोणाचे घेतले यावर ज्ञान कोणाच्या उपयोगी पडणार हे ठरते.

या कथेत आपल्या भूमीचेही एक पान आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर संशोधन करून १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. उंदरांच्या एका वंशात हा रोग सहज होतो, दुसऱ्यात क्वचित. तो फरक आनुवंशिकतेत आणि संप्रेरकांत शोधायचा, ही त्या कामाची दिशा होती.

आज आपल्या बहुतेक स्त्रियांना जनुकांची महागडी चाचणी परवडत नाही. परंतु या दीर्घ इतिहासातून निघालेला सोपा धडा परवडण्याजोगा आहे: गाठीचा तुकडा नीट जपून त्यावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ यांच्या तीन चाचण्या काळजीपूर्वक करणे. त्यावरून समूहाचा बराचसा अंदाज येतो. तुकडा वेळेवर द्रावणात घातला नाही तर ही खूणही पुसली जाते आणि चुकीचे औषध सुरू होते. म्हणून ‘कर्करोग झाला’ एवढ्यावर न थांबता ‘कोणता झाला?’ हे विचारण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचवणे हे समाजाचे कर्तव्य आहे.