अंदमानात लहान मुलांसह दीर्घ मुक्काम : किनारा निवडताना स्थळाइतकीच वेळही महत्त्वाची

श्री विजयपुरम : महाराष्ट्रातून अंदमानला येणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांची पहिली ओढ सेल्युलर तुरुंगाकडे, सावरकर बंधूंनी शिक्षा भोगलेल्या त्या वास्तूकडे असते. पाच-सहा दिवसांच्या सहलीत समुद्रकिनारा हा छायाचित्रांपुरता एक थांबा ठरतो. मात्र बदलीमुळे, सुट्टीमुळे किंवा दूरस्थ कामाच्या सोयीमुळे तीन-चार आठवडे येथे राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला रोज कोणत्या पाण्यात उतरवावे, हा तो प्रश्न होय.

‘मुलांसाठी सुरक्षित’ किनाऱ्यांची कायमस्वरूपी यादी करता येत नाही. एकच किनारा सकाळी आठला उथळ तळ्यासारखा असतो आणि दुपारी तेथेच प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडलेले असतात. मे महिन्यात खवळलेला किनारा जानेवारीत शांत असतो. त्यामुळे किनाऱ्याच्या नावाबरोबर ऋतू, भरती-ओहोटी आणि सूर्याची स्थिती या तीन बाबी पाहाव्या लागतात.

ऋतू आणि किनाऱ्याची दिशा

नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वप्रथम याच परिसरात, साधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतात. तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमाभिमुख किनाऱ्यांवर लाटांचा जोर असतो. ऑक्टोबरनंतर वारे ईशान्येकडून वाहू लागतात आणि पूर्वेकडील किनारे अधिक अस्वस्थ होतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ तुलनेने शांत मानला जातो. वादळी हवामानात बेटांदरम्यानच्या बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दूरच्या बेटावर राहणे टाळावे.

भरती-ओहोटीचे गणित

येथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजेच आज सकाळी आठला भरती असेल, तर आठवड्याभराने त्याच वेळी जवळपास ओहोटी असते. मागील आठवड्यात परतलेल्या परिचितांनी सांगितलेली ‘उत्तम वेळ’ आज नेमकी उलटी ठरू शकते, ती याचमुळे.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार अष्टमीला सहाच्या सुमारास भरती येते. घड्याळाची ही वेळ अंदमानात लागू पडत नाही. येथे स्थानिक सारणीच पाहावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीच्या सारण्या प्रसिद्ध करतो. या ठोकताळ्यामागील चांद्रगणित मात्र येथेही खरे आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि पाण्याची ये-जा मोठी होते. अष्टमीच्या आसपास ती सौम्य राहते. लहान मुलांना प्रथम पाण्यात नेण्यासाठी अष्टमीनजीकचे दिवस अधिक सोयीचे असतात.

प्रवाळयुक्त किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीत पोहणे शक्य नसते. ओहोटी सुरू असताना पाण्याची ओढ बाहेरच्या दिशेने असते, तर उधाणाच्या पूर्ण भरतीत खेळायला वाळूची पट्टीच उरत नाही. त्यामुळे भरती चढत असतानाचा मधला काळ सर्वसाधारणपणे उपयुक्त ठरतो.

सूर्य लवकर डोक्यावर येतो

अंदमान मुंबईपासून बरेच पूर्वेस आहे. घड्याळ मात्र एकच आहे. मुंबईत सूर्य माध्यान्ही येतो तो साधारण साडेबारानंतर. येथे तो सव्वाअकराच्या सुमारासच डोक्यावर असतो. म्हणून ‘दुपारी बारानंतर ऊन टाळू’ हा हिशेब येथे चुकतो. मुलांना साडेनऊपर्यंत पाण्याबाहेर काढून सावलीत आणावे. दीड-दोननंतर पुन्हा किनाऱ्यावर जाता येते. डिसेंबरमध्ये सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होत असल्याने परतीची तयारीही लवकर करावी लागते.

कोणता किनारा कशासाठी?

राधानगर (स्वराज द्वीप, पूर्वीचे हॅवलॉक) : या किनाऱ्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. रुंद आणि मऊ वाळू, प्रवाळ नसलेला तळ आणि स्वच्छतागृहांची सोय ही त्याची बलस्थाने आहेत. मात्र हे मानांकन पाण्याची गुणवत्ता, पर्यावरण व्यवस्थापन, सुविधा आणि सुरक्षाव्यवस्था यांबाबतचे आहे. लाटा शांत असल्याची ती हमी नव्हे. किनारा पश्चिमाभिमुख असून पावसाळ्यात लाटा उग्र होतात. येथे वाळूत खेळणे आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहणे एवढेच लहानग्यांसाठी पुरेसे आहे.

विजयनगर (स्वराज द्वीप) : पूर्वेकडील या किनाऱ्यावर झाडांची सावली पाण्यालगत येते. शांत ऋतूत पाणी दूरवर उथळ राहते. ओहोटीत तळातील खडक उघडे पडत असल्याने भरतीची वेळ साधावी लागते. दीर्घ मुक्कामासाठी राधानगरपेक्षा हा किनारा अनेकदा अधिक सोयीचा ठरतो.

भरतपूर (शहीद द्वीप, पूर्वीचे नील) : धक्क्याजवळचा हा किनारा उथळ असून काचेच्या तळाच्या बोटीतून मुलांना प्रवाळ पाहता येते. जलक्रीडेच्या बोटी जेथून सुटतात, त्या भागापासून मुलांना दूर ठेवावे. याच बेटावरील लक्ष्मणपूरजवळची नैसर्गिक खडककमान मात्र ओहोटीतच पाहता येते. तेथील खडक निसरडे असल्याने तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन जाणे उचित नाही. भरतीला भरतपूर आणि ओहोटीला कमान, असा क्रम वयाने मोठ्या मुलांसाठी आखता येतो.

कालापत्थर (स्वराज द्वीप) : काळ्या खडकांमुळे तो दर्शनीय असला, तरी लहान मुलांना पाण्यात उतरवण्यासाठी योग्य नाही. सकाळच्या फेरफटक्यासाठी तो चांगला आहे.

कॉर्बिन्स कोव्ह आणि वंडूर (दक्षिण अंदमान) : कॉर्बिन्स कोव्ह राजधानीलगत असल्याने मुक्काम शहरात असताना सोयीचे पडते. वंडूर हे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. या दोन्ही ठिकाणी मगरीविषयीच्या सूचना प्रथम वाचाव्यात.

मगरी आणि इतर धोके

खाऱ्या पाण्यातील मगर हा अंदमानातील वास्तव धोका आहे. २०१० मध्ये राधानगरलगतच्या एका छोट्या उपसागरात मगरीच्या हल्ल्यात परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. खारफुटीची वने, खाड्या आणि ओढ्यांची मुखे हे मगरींचे वावरक्षेत्र असते. ओढ्याचे गोडे पाणी समुद्राला मिळते ती जागा मुलांना विशेष आवडते. नेमकी तीच टाळावी. पहाटे, सायंकाळी आणि रात्री पाण्यात उतरू नये. जीवरक्षक नसलेल्या निर्जन किनाऱ्यावर पाण्यापासून दूर राहावे.

प्रवाळाचे तुकडे आणि सागरी अर्चिनचे काटे यांपासून बचावासाठी मुलांना रबरी तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट घालावेत. शंख उचलण्याची मुभा देऊ नये. शंकूच्या आकाराच्या काही शंखांतील जिवंत प्राण्याचा दंश विषारी असतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्रवाळ आणि अनेक शंख संरक्षित असून ते बाळगल्यास विमानतळावर कारवाई होऊ शकते.

देखरेखीचा नियम

बुडणारे मूल बहुतेकदा ओरडत नाही, हातही हलवत नाही. काही क्षणांत ते शांतपणे पाण्याखाली जाते. मोठ्यांचा घोळका असेल तर प्रत्येकाला दुसरा पाहत असल्याचे वाटते. म्हणून एका वेळी एकाच व्यक्तीवर एका मुलाची जबाबदारी सोपवावी, तिच्याजवळ भ्रमणध्वनी नसावा आणि मूल हाताच्या अंतरावर असावे. हवा भरलेली रिंगणे वाऱ्याने खोल पाण्याकडे वाहून जातात; ती सुरक्षासाधने नव्हेत. मोठी व्यक्ती बाहेर खेचणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा मोठा तडाखा या बेटांना बसला होता. जमीन जोराने हादरली किंवा समुद्र अचानक आत ओढला गेला, तर इशाऱ्याची वाट न पाहता मुलांना घेऊन उंच जागी जावे. उघडा पडलेला तळ पाहायला कोणीही थांबू नये.

छोट्या बेटांवर प्राथमिक स्वरूपाचीच आरोग्यसेवा असते. मोठे शासकीय रुग्णालय श्री विजयपुरम येथे आहे आणि स्वराज द्वीपहून तेथवरचा बोटप्रवास दीड ते अडीच तासांचा आहे. मुलांची नेहमीची औषधे, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि वाळूतील बारीक माश्यांपासून संरक्षण देणारे मलम सोबत असावे. आणीबाणीत ११२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

दीर्घ मुक्कामाचा खरा लाभ अधिक किनारे पाहण्यात नाही, तर एक-दोन किनारे नीट ओळखण्यात आहे. पहिल्या दिवशी मुलांना न नेता मोठ्यांपैकी एकाने भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी किनारा पाहून यावा, जीवरक्षकाशी आणि स्थानिक मच्छीमारांशी बोलावे. पाण्यात मुलासह पहिले पाऊल टाकायचे ते त्यानंतरच.