जनपद ते जिल्हा परिषद
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आष्टी म्हटलं, की १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. नागपंचमीचा दिवस. लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, गावकरी पडले, पोलीसही मारले गेले. 'आष्टी-चिमूर' ही जोडी देशभर गाजली. मला मात्र पुढचं विचारावंसं वाटतं. परकं सरकार गेल्यावर गावच्या शाळेचा, रस्त्याचा, विहिरीचा निर्णय कुणी घ्यायचा?

या प्रश्नाला आपल्या भागात फार लवकर उत्तर मिळालं होतं, हे आज किती जणांना ठाऊक आहे? वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी १९४८ मध्ये जनपद योजना आणली. जुन्या जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसीलवार लोकनियुक्त जनपद सभा आल्या. आष्टी तेव्हा आर्वी तहसिलीत, म्हणजे आपला कारभार आर्वीत. कल्पना धाडसी होती. तहसिलीतली सरकारी खाती हळूहळू सभेच्या हाती द्यायची, असा बेत होता. पण खाती सोडायला सरकार तयार नव्हतं आणि पैसाही पुरेसा दिला नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी पुन्हा महसुलाचाच माणूस! नाव लोकांचं, दप्तर साहेबांचं.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने विकासगटाला महत्त्व दिलं, म्हणजे जवळपास आपल्या जनपदाच्याच पायरीला. महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली. वसंतराव नाईक समितीचं म्हणणं असं, की पैसा आणि तज्ज्ञ माणसं पेलायची तर घटक जिल्ह्याएवढा हवा. त्यानुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकारी त्यांच्या बाहेर ठेवले, हे फार मोठं काम झालं. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, शेती यांत खरे अधिकार आले. जनपदांना ते कधीच मिळाले नव्हते.

तरी आष्टीकराच्या बाजूने पाहिलं, तर सत्ता खाली आली तशी थोडी वरही सरकली. कामाचा माणूस आता आर्वी ओलांडून वर्ध्याला जाऊ लागला. पंचायत समिती होती. पण तिजोरीची किल्ली जिल्ह्याला. मला विचाराल तर नाईक समितीचा हिशेब बरोबर होता, फक्त त्याची किंमत दूरच्या तालुक्यांनी मोजली.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, हे घटनेत लिहिलं गेलं. १४ व्या वित्त आयोगाने तर २०१५ ते २०२० या काळात निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. आणि २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा निवडणुका झाल्या नाहीत. सभापतींच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि कारभार कित्येक वर्षं प्रशासकांनी चालवला.