चोरीच्या खिळ्याने सांगितलेला पत्ता

मे २००३. लंडनच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याकडून आठ प्राचीन वस्तू जप्त केल्या. मालकीचा पुरावा त्याला देता आला नाही. त्यांत मातीचे तीन शंकू होते, जाड खिळ्यांसारखे. ते कोणत्या भूमीतून उपसले गेले, हे सांगणारा साक्षीदार नव्हता. साक्ष दिली ती शंकूंवरच्या कीलाकार लिपीतील सुमेरियन मजकुराने.

इ. स. पूर्व २२व्या शतकात लगशचा शासक गुडिया याने गिरसू नगरात, म्हणजे दक्षिण इराकमधील आजच्या तेल्लो येथे, निनगिरसू देवाचे एनिन्नू मंदिर नव्याने उभारले. ‘ए’ म्हणजे घर, ‘निन्नू’ म्हणजे पन्नास. असे शेकडो शंकू त्याने भिंतीत ठोकविले. अक्षरे भिंतीच्या पोटात गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती वाचावीत अशी योजनाच नव्हती. वाचक होता देव, किंवा पुढे कधीतरी जीर्णोद्धारासाठी भिंत उकलणारा राजा.

आता वाचनाची रीत पाहा. आरंभी देवाचे नाव, त्याची विशेषणे आणि शेवटी ‘रा’ हा प्रत्यय: निनगिरसू‘साठी’. मग ‘गुडिया, एन्सी, लगश’ आणि अखेरीस ‘के’. या ‘के’मध्ये दोन प्रत्यय मिसळले आहेत: लगश‘चा’ शासक गुडिया या‘ने’. पुढे मंदिराचे नाव आणि त्याच्या पाठोपाठ क्रियापद: ‘मु-ना-दू’, बांधले. त्यातला ‘ना’ पुन्हा सांगतो, ‘त्याच्यासाठी’. इंग्रजी अनुवादकाला हे वाक्य उलटेपालटे करावे लागते. मराठीत ते आहे त्याच क्रमाने उतरते. अर्थात यावरून भाषिक नाते जोडण्याचा मोह आवरावा. सुमेरियन भाषेचे कोणतेही आप्त आजवर सिद्ध झालेले नाही.

तर त्या तीन शंकूंवर एनिन्नूचेच नाव निघाले. तोवर ब्रिटिश म्युझियमचे पुरातत्त्वज्ञ तेल्लो येथे उत्खनन करीत होते आणि तसेच शंकू त्यांना मंदिराच्या भिंतींत जागच्या जागी सापडले होते. ऑगस्ट २०१८मध्ये आठही वस्तू इराकच्या स्वाधीन झाल्या.

मात्र शंकूवर मंदिराचे नाव असते, भिंतीचे नसते. ते तिघे नेमक्या कोणत्या भिंतीत, कोणत्या दालनाशेजारी होते, ही माहिती लुटारूंच्या खड्ड्यातच संपली.