मुंबईच्या कापड गिरण्या आणि बिसिनोसिस : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मुंबईच्या कापड गिरण्यांविषयी भांडवल, संघटना आणि संप या अंगांनी विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत कामगारांच्या श्वासावाटे शरीरात गेलेली कापसाची धूळ उपेक्षित राहिली. प्रस्तुत लेखात बिसिनोसिस या व्यवसायजन्य आजाराच्या आधारे या उपेक्षेची मीमांसा केली आहे.

आजाराचे स्वरूप :
अळशीचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये केली. पुढे 1877 मध्ये फ्रेंच वैद्य आद्रियें प्रूस्त यांनी या विकाराला बिसिनोसिस हे नाव दिले. गिरणीत ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यात कापूस मोकळा करून पिंजला जात असल्याने तेथे धूळ सर्वाधिक असते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळणे, हे या आजाराचे प्रारंभिक लक्षण होय. कालांतराने त्रास रोजचा होतो व अखेरीस श्वसनक्षमता कायमची घटते. मात्र सिलिकोसिसप्रमाणे क्ष-किरण चित्रात त्याची खास खूण उमटत नाही. त्यामुळे निदानात कामगाराच्या कथनाला मोठे महत्त्व असते.

कामगार चळवळ आणि कायदा :
मुंबईत 1856 मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली 1884 मध्ये कामगारांनी रविवारच्या सुट्टीची, तसेच कामावर जायबंदी झालेल्यांसाठी भरपाईची मागणी केली. सुट्टीची मागणी 1890 मध्ये मान्य झाली. विशेष म्हणजे नियमित विश्रांती मिळाल्याखेरीज सोमवारचे हे लक्षण स्पष्टपणे ओळखता येत नाही. यंत्रात तुटलेले बोट सर्वांना दिसत होते. कोंडलेला श्वास मात्र पुराव्याअभावी अदृश्य राहिला. 1923 च्या भरपाई कायद्यात आरंभी अँथ्रॅक्स, शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा अशा मोजक्याच व्यवसायजन्य आजारांचा समावेश होता. ब्रिटनने 1940 मध्ये बिसिनोसिसग्रस्तांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या वेळी मुंबईतील गिरण्यांना ब्रिटिश राजवटीचेच कायदे लागू होते, तरी तसे संरक्षण येथील कामगाराला तेव्हा मिळाले नाही.

समारोप :
1982 च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कामगार विखुरले. ज्या आजाराचा मुख्य पुरावा कामगाराचे कथन हाच आहे, त्याचा इतिहास केवळ दप्तरांतून लिहिता येणार नाही. कार्डिंग खात्यात काम केलेल्या वृद्ध कामगारांच्या मौखिक नोंदी वेळीच घेणे, हे इतिहास संशोधकांचे तातडीचे कर्तव्य ठरते. सूतगिरण्यांत कापूस आजही पिंजला जातो. म्हणून या नोंदींचे मोल केवळ भूतकाळापुरते नाही.