घरचा डॉक्टर आणि रुग्णालयाचें पत्र

कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास सांगतांना शस्त्रक्रिया, रेडियम व औषधें यांचें सविस्तर वर्णन होतें. परंतु हे उपचार ज्या कागदाच्या आधारें रुग्णाच्या घरापर्यंत पोंचतात, त्याची आठवण क्वचितच निघते. हा कागद म्हणजे तज्ज्ञानें घरच्या डॉक्टरास लिहिलेलें पत्र होय.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोन वर्गांत मोठा कलह माजला होता. धर्मादाय रुग्णालयें आपले रोगी फुकट ओढून नेतात, अशी घरच्या डॉक्टरांची तक्रार होती. त्यांतून हळूहळू एक संकेत रूढ झाला : रुग्ण घरच्या डॉक्टराचा, रुग्णालय तज्ज्ञाचें, आणि डॉक्टराच्या चिठ्ठीवांचून तज्ज्ञानें सहसा रुग्ण पाहावयाचा नाहीं. १९११ च्या विमा कायद्यानें विमा उतरलेल्या कामगारांस घरचा डॉक्टर मिळाला. ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि हीच व्यवस्था सर्व जनतेस लाभली.

भांडण मिटलें, पण मधली भिंत पक्की झाली. दुखणें साधें असे तोंवर ती फारशी जाणवली नाहीं. कर्करोगाची गोष्ट निराळी. शस्त्रवैद्य, किरणोपचार करणारा व औषधें देणारा असे अनेक तज्ज्ञ, आणि उपचार महिनोन्‌महिने चालणारे. यांतील कित्येक औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. त्या दिवसांत आलेला ताप प्राणावर बेतूं शकतो. मध्यरात्रीं बोलावणें येई तें घरच्या डॉक्टरास. आणि कोणतें औषध केव्हां दिलें हें सांगणारें पत्र मात्र अद्याप टपालांतच असे! रुग्णास रोगाचें नांव सांगितलें आहे कीं नाहीं, हेंही पुष्कळदां त्यास ठाऊक नसे.

इंग्लंड व वेल्स येथील मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅल्मन व हाइन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १९९५ च्या अहवालानें घरच्या डॉक्टरास कर्करोगसेवेच्या पायाशीं स्थान दिलें. २००० सालीं, पत्राची प्रत खुद्द रुग्णासही मिळावी, असें सरकारनें ठरविलें. अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २००५ मध्यें अशी शिफारस केली कीं, उपचार संपतांच त्यांचा लेखी सारांश व पुढील देखरेखीची योजना रुग्णास द्यावी.

शंभर वर्षांपूर्वीं वाद होता तो रुग्ण कोणाचा, हा. या रोगानें त्याचें उत्तर देऊन टाकलें आहे : रुग्ण दोघांचाही, म्हणूनच एकास जें कळलें, तें दुसऱ्यास वेळेवर कळविणें हा सौजन्याचा भाग नसून उपचाराचाच भाग होय.