वायूची साक्ष, ताऱ्यांची साक्ष

१९१८ मध्ये लिक वेधशाळेतील हेबर कर्टिस यांनी कन्या राशीतल्या एम ८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेला एक सरळ किरण नोंदवला. तो कशाचा, हे कळण्याचा तो काळच नव्हता. अशा 'तेजोमेघां'चे स्थान आकाशगंगेच्या आत की बाहेर, याचाच वाद तेव्हा रंगला होता. आज त्या झोताचे मूळ तिथल्या कृष्णविवराशी जोडले जाते. मला मात्र झोतापेक्षा त्या विवराच्या वजनाचा इतिहास अधिक खुणावतो.

पहिली साक्ष ताऱ्यांची. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा एकेक तारा वेगळा दिसत नाही. मिळतो तो त्यांचा मिसळलेला प्रकाश. ताऱ्यांचे वेग जितके भिन्न, तितक्या वर्णपटातल्या रेषा रुंद. गाभ्याजवळ त्या रुंदावताना पाहून वॉलेस सार्जंट, पीटर यंग आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सुमारे पाच अब्ज सूर्यांइतके वस्तुमान सांगितले. पण १९८२ मध्ये जेम्स बिनी आणि गॅरी मॅमन यांनी दाखवून दिले, की तारे लांबट कक्षांतून गाभ्याकडे ये-जा करत असतील, तर कृष्णविवर नसतानाही हीच निरीक्षणे जुळतात. दावा अधांतरी राहिला.

मग वायू बोलला. दुरुस्त झालेल्या हबल दुर्बिणीने १९९४ मध्ये गाभ्याभोवती तप्त वायूची तबकडी टिपली. तिची एक बाजू आपल्याकडे येणारी, दुसरी दूर जाणारी. वेग सेकंदाला ५०० किलोमीटरहून अधिक. हॉलंड फोर्ड, रिचर्ड हार्म्स यांच्या गटाचे उत्तर आले २.४ अब्ज सूर्य. विवराविषयीची शंका खऱ्या अर्थाने इथे ओसरली, असे मी मानतो. आकडा मात्र निम्म्यावर आला होता.

ताऱ्यांची बाजू पुन्हा मांडली कार्ल गेबहार्ट यांनी. दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातले कृष्णद्रव्य हिशेबात धरले नाही, तर तिथले सारे वजन ताऱ्यांच्या नावावर चढते. मग गाभ्यातले तारेही जड ठरतात आणि विवराच्या वाट्याला कमी उरते. ही गफलत काढल्यावर, नव्या निरीक्षणांसह, २०११ मध्ये त्यांचा आकडा ६.६ अब्जांवर गेला. २०१३ मध्ये जोनेल वॉल्श यांच्या गटाने वायूवरून पुन्हा मोजले: ३.५ अब्ज. दोन्ही कामे काळजीपूर्वक केलेली, पण त्रुटीच्या मर्यादा धरूनही ती एकमेकांना भेटत नव्हती.

निवाडा १० एप्रिल २०१९ रोजी झाला. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या चित्रातले कडे वायूचा आकडा खरा असता, तर जवळजवळ निम्म्या आकाराचे दिसले असते. प्रत्यक्ष मापावरून निघाले ६.५ अब्ज सूर्य. तारे खरे ठरले.

ताऱ्याला केवळ गुरुत्वाकर्षण ओढते. वायूला दाब, खळबळ आणि शेजारचा झोतही ढकलतो. शिवाय तबकडीचा कल थोडा चुकीचा धरला, की हिशेब ढळतो. एवढे कळूनही अनेक दीर्घिकांत ताऱ्यांच्या रेषा इतक्या पुसट असतात, की तिथल्या कृष्णविवरांच्या वजनासाठी आजही वायूवरच विसंबावे लागते.